घरच्या रुग्णाची इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद कशी तयार करावी: कोकणातील कुटुंबांसाठी मार्गदर्शक

कोकणातल्या रुग्णाचे सगळे कागद एका ठिकाणी सापडणे दुर्मीळच. आजाराचे निदान सावंतवाडी किंवा कुडाळच्या डॉक्टरांकडे होते, मोठ्या तपासणीसाठी गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जावे लागते, शस्त्रक्रिया कोल्हापूर किंवा बेळगावला होते आणि मुलगा मुंबईत राहतो म्हणून पुढचा सल्ला तिथल्या केईएम रुग्णालयात घेतला जातो. रत्नागिरी आणि रायगडच्या रुग्णांची वाट वेगळी असली तरी तऱ्हा हीच असते. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो, नवी फाइल तयार होते आणि आधीची फाइल कपाटावरच्या पिशवीत जाते. मग नव्या डॉक्टरांनी "आधी कोणती गोळी चालू होती?" असे विचारले की "पांढरी, छोटी, सकाळी घ्यायची" याच्या पलीकडे कोणालाच काही सांगता येत नाही.

रुग्णाची स्वतःची इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद घरच्या घरी कशी उभी करावी, केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या व्यवस्थेशी ती कशी जोडावी आणि पुढे ती चालू कशी ठेवावी, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी येथे क्रमाने दिले आहे. रुग्णालय आपल्या कामासाठी जी नोंद ठेवते ती रुग्णालयाची असते. येथे अभिप्रेत असलेली नोंद रुग्णाची आहे. तिच्यात काय असावे आणि ती कोणाला दाखवावी हे त्यानेच ठरवायचे आहे. माझा आग्रह असा की सुरुवात ॲप डाउनलोड करण्यापासून करू नये, आधी एका पानाचा सारांश लिहावा. मोबाइलमध्ये शंभर रिपोर्टांचे फोटो असले आणि सारांश नसला, तर मध्यरात्री अपघात विभागात बसलेल्या डॉक्टरांना ते फोटो चाळायला वेळ नसतो. याउलट सारांश चांगला असेल, तर बाकीचे कागद दुसऱ्या दिवशी शोधले तरी बहुतेक वेळा चालते.

पहिली पायरी: रुग्णाला विचारणे

आईवडिलांची नोंद मुले तयार करतात आणि त्यांना विचारायचे मात्र राहून जाते. काय लिहिणार, ते कुठे ठेवणार आणि कोण पाहू शकणार, हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगावे आणि त्याचा होकार घ्यावा. एखादी गोष्ट सुनेला किंवा भावाला कळू नये असे त्याला वाटत असेल, तर ती इच्छा मानावी. त्यानंतर नोंद सांभाळणारी दोन माणसे ठरवावीत, एक गावातले आणि एक बाहेरगावचे. सगळे एकाच माणसाच्या मोबाइलमध्ये असले आणि तो मोबाइल होडीतून पाण्यात पडला, तर सगळे काम पुन्हा करावे लागते.

दुसरी पायरी: कागद गोळा करणे

हे काम करायला गणपतीचे किंवा शिमग्याचे दिवस सर्वांत सोयीचे असतात, कारण चाकरमानी गावी आलेले असतात आणि कोणते ऑपरेशन कोणत्या साली झाले हे आठवणारी सगळी माणसे एका घरात असतात. पावसाळ्याची वाट मात्र पाहू नये. कोकणातल्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते आणि वाळवी लागते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले तेव्हा घरे आणि दवाखाने दोन्ही पाण्याखाली गेले. अशा वेळी रुग्णाकडचा कागद आणि डॉक्टरांकडचा कागद एकाच दिवशी नष्ट होऊ शकतो.

सगळेच कागद सारख्या मोलाचे नसतात. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टिपणे, गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट, स्टेंट किंवा पेसमेकरसोबत मिळालेले कार्ड, एमआरआय, सीटी, सोनोग्राफी व इको यांचे लेखी अहवाल आणि आजाराचे निदान पहिल्यांदा ज्या कागदावर झाले तो कागद, हे सर्व कायम जपायचे आहेत. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांपैकी गेल्या दोन-तीन वर्षांच्या पुरेशा आहेत. औषधांची बिले विम्यासाठी वेगळी ठेवावीत, आरोग्य नोंदीत त्यांची गर्दी करू नये.

कार्डिओग्रामचा कागद मात्र सर्वांत आधी हातात घ्यावा. ती पट्टी बहुधा उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर काढलेली असते आणि काही वर्षांत, प्लास्टिकच्या पिशवीत किंवा उन्हाच्या जागी ठेवल्यास त्याहूनही लवकर, तिच्यावरच्या रेषा फिकट होत जाऊन शेवटी कागद कोरा दिसू लागतो. हृदयाचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत जुना कार्डिओग्राम नव्याशेजारी ठेवून पाहता आला, तर आजचा बदल नवा की जुना हे डॉक्टरांना लगेच कळते. म्हणून ही पट्टी मिळेल त्या दिवशीच स्कॅन करावी. तिच्यावरची तारीख, वेळ आणि रुग्णाचे नाव चित्रात आले आहे याची खात्री करून घ्यावी.

कागद हरवला असेल तर तो मागण्याचा अधिकार रुग्णाला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक नियमांनुसार दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ती ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. मागणी लेखी करावी, तिच्यात दाखल झाल्याची तारीख व केसपेपरचा क्रमांक लिहावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तीन वर्षे उलटून गेली असली तरी विचारून पाहायला हरकत नाही. अनेक रुग्णालये कागद त्याहून अधिक काळ ठेवतात.

स्त्रियांच्या जुन्या कागदांवर माहेरचे नाव असते, मतदार यादीत एक नाव आणि आधारवर दुसरे असते, वाडीत तिसऱ्याच नावाने हाक मारतात. वयस्क माणसांची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी असते आणि दवाखान्यात अंदाजे वय लिहिलेले असते. ही सर्व नावे व तारखा सारांशाच्या पानावर एकदा लिहून ठेवाव्यात. कागद याच व्यक्तीचा आहे की नाही हा प्रश्न पुढे हमखास येतो.

तिसरी पायरी: सारांशाचे पान

हे पान मोबाइलवर किंवा संगणकावर टाइप करावे आणि ते एका बाजूच्या वर जाऊ देऊ नये. समजा, राजापूर तालुक्यातल्या एका ७२ वर्षांच्या आजींचे पान तयार करायचे आहे. नाव, जन्मवर्ष आणि संपर्काच्या दोन क्रमांकांनंतर त्यावर असे लिहिता येईल: "पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठून दम लागला, २०१६, हे औषध देऊ नये. मधुमेह, २००९ पासून. उच्च रक्तदाब, २०१४ पासून. डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, २०१९. हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट, २०२१, कोल्हापूर. क्रिएटिनिन १.४, मार्च २०२५. कानाने कमी ऐकू येते, उजव्या बाजूने बोलावे." हा नमुना काल्पनिक आहे, पण त्यातला क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. ज्या माहितीअभावी जिवाला धोका होऊ शकतो ती सर्वांत वर असावी, म्हणून औषधाची ॲलर्जी आजारांच्याही आधी येते.

ॲलर्जीच्या रकान्याबाबत काटेकोर राहावे. "ॲलर्जी नाही", "माहीत नाही" आणि "विचारलेले नाही" ही तीन वेगवेगळी उत्तरे आहेत. रकाना कोरा सोडला तर वाचणारा त्याचा अर्थ "नाही" असा घेण्याची शक्यता असते. औषधाने काय झाले तेही नेमके लिहावे. गोळीने पोटात जळजळ होणे आणि गोळीने घसा सुजून श्वास अडकणे या दोन्हींना घरात "गोळी सोसत नाही" असेच म्हणतात. पहिल्या बाबतीत गरज पडल्यास डॉक्टर ते औषध विचारपूर्वक देऊ शकतात, दुसऱ्या बाबतीत ते चुकूनही दिले जाता कामा नये.

रक्तगट प्रयोगशाळेचा कागद पाहूनच लिहावा. आठवणीवरून किंवा वाहन परवान्यावरून उतरवू नये. शरीरात बसवलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करावी, कारण पेसमेकर असलेल्या रुग्णाला एमआरआयच्या खोलीत नेण्यापूर्वी तो कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावेच लागते. क्रिएटिनिनचा आकडा तारखेसह लिहिण्याचे कारण असे की, मूत्रपिंडाची स्थिती कळल्याशिवाय काही वेदनाशामके आणि सीटी स्कॅनच्या वेळी दिले जाणारे कॉन्ट्रास्ट इंजेक्शन देणे धोक्याचे ठरू शकते. मधुमेहींसाठी एचबीए१सी हा आकडा लिहावा, कारण तो साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगतो आणि उपाशीपोटी काढलेल्या एका दिवसाच्या साखरेपेक्षा त्यावरून अधिक कळते.

आखातात किंवा जहाजावर नोकरी केलेल्या माणसांच्या रिपोर्टांकडे विशेष लक्ष द्यावे. खेड, दापोली, श्रीवर्धन, रत्नागिरी या भागांत अशी घरे पुष्कळ आहेत. तिकडच्या बऱ्याच प्रयोगशाळा साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये देतात, तर आपल्याकडे ती मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात. तिकडचा आकडा १८ ने गुणला की आपला आकडा मिळतो, म्हणजे तिकडचे ७ हे इकडचे १२६. नुसते "साखर ७" असे लिहून ठेवले तर वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो, म्हणून प्रत्येक आकड्यासमोर त्याचे एकक लिहावे.

सारांशावर कोकणाच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी असाव्यात. पहिली गोष्ट साप आणि विंचू यांच्या दंशाची. फुरसे चावल्याने पूर्वी सर्पदंशावरील लस घेतली असेल, तर ती केव्हा व कुठे घेतली आणि त्या वेळी पुरळ, थंडी वाजून येणे, रक्तदाब घसरणे असे काही झाले होते का, हे लिहावे. ही लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते आणि पुढच्या वेळी ती देताना डॉक्टरांना अधिक सावध राहावे लागते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे लाल विंचवाच्या दंशासंबंधीचे निरीक्षण १९८२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्याच्या मुळाशी दंशानंतर रुग्णाच्या अंगात काय काय बदलत जाते याची काळजीपूर्वक ठेवलेली टिपणे होती. घरच्या माणसाने दंशाची वेळ आणि पहिली लक्षणे एवढे जरी घड्याळ पाहून लिहिले, तरी उपचाराला मोठी मदत होते.

दुसरी गोष्ट तापाची. भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम केल्यानंतर येणारा ताप लेप्टोचा असू शकतो. दोडामार्ग परिसरात काजूच्या बागेत किंवा जंगलात जाऊन आलेल्या माणसाचा ताप माकडतापाचाही असू शकतो. त्यामुळे ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, त्याआधीच्या दोन आठवड्यांत रुग्ण शेतात, गोठ्यात किंवा रानात गेला होता का आणि पायाला जखम होती का, हे नोंदीत तारखेने लिहावे. तापाच्या तपासण्यांपैकी काही पहिल्या आठवड्यात आणि काही त्यानंतर उपयोगी पडतात, म्हणून पहिल्या दिवसाची तारीख नेमकी हवी.

चौथी पायरी: औषधांची यादी

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो येथे, म्हणून एक संध्याकाळ याच कामाला द्यावी. घरातली सगळी औषधे एका ताटात काढावीत: डब्यातली, देवघराजवळची, पर्समधली, मुंबईहून कोणी पाठवलेली. प्रत्येक स्ट्रिपवर कंपनीने दिलेले नाव ठळक अक्षरांत असते आणि त्याच्याजवळ मूळ औषधाचे नाव व मिलिग्रॅम छापलेले असतात. यादीत मूळ औषधाचे नाव रोमन लिपीत, जसे छापले आहे तसेच उतरवावे. बेळगावच्या किंवा गोव्याच्या डॉक्टरांनाही ते वाचता येते आणि जनऔषधी केंद्रात दुसऱ्या कंपनीची गोळी घेताना दुकानदाराला नेमके काय द्यायचे ते कळते.

कंपनीच्या नावामागे लागलेले एखादे अक्षर सोडू नये. टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या स्ट्रिपवर नावानंतर "एच" असेल, तर त्या गोळीत लघवी वाढवणारे दुसरे औषध असते आणि "एएम" असेल तर ॲम्लोडिपिन असते. तीनही गोळ्या ४० मिलिग्रॅमच्या म्हणून ओळखल्या जातात आणि डबे सारखेच दिसतात. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी दिलेले एकच औषध रुग्ण दोनदा घेत असल्याचे अशा ताटासमोर बसल्यावरच लक्षात येते. तसे आढळल्यास आपल्या मनाने गोळी बंद न करता यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. आणखी एक साधी सवय लावून घ्यावी: स्ट्रिप नाव छापलेल्या टोकाकडून कापू नये आणि दुकानातून सुट्या गोळ्या घेताना कापलेल्या तुकड्यावर नाव नसेल तर ते लिहून घ्यावे.

यादीत गोळीचे नाव, मात्रा, वेळ, जेवणाआधी की नंतर, कधीपासून आणि कोणी दिली हे असावे. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीच्या गोळ्या आणि गावठी औषधेही न संकोचता लिहावीत. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती यादीच्या अगदी वर ठेवावी, कारण दात काढण्यासारख्या छोट्या उपचारापूर्वीही दंतवैद्याला ते कळणे आवश्यक असते. बंद केलेल्या औषधांची छोटी यादी खाली ठेवावी, तीही कारणासह. "एनालाप्रिल, कोरड्या खोकल्यामुळे बंद, २०१८" एवढी एक ओळ असली, तर नवे डॉक्टर त्या गटातले औषध पुन्हा देत नाहीत.

पाचवी पायरी: स्कॅन आणि फाइलींची नावे

मोबाइलमधली स्कॅन करण्याची सोय वापरावी, कारण नुसत्या फोटोत सावली येते आणि कागद वाकडा दिसतो. कागद खिडकीजवळ सपाट ठेवून चारही कडा चित्रात घ्याव्यात आणि एका रिपोर्टची सर्व पाने मिळून एकच पीडीएफ करावी. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर तपासणी आणि ठिकाण लिहावे, उदाहरणार्थ "२०२५-०३-१४ क्रिएटिनिन रत्नागिरी". असे केले की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. प्रत्यक्ष नाव देताना मात्र आकडे इंग्रजी अंकांतच (1, 2, 3) ठेवावेत. काही फाइलींना देवनागरी आणि काहींना इंग्रजी आकडे दिले तर क्रम बिघडतो.

एमआरआय आणि सीटीची सीडी मिळाली असेल तर ती संगणकात घालून तिच्यातले सगळे फोल्डर जसेच्या तसे उतरवून घ्यावे. पडद्यावर दिसणाऱ्या चित्राचा मोबाइलने फोटो काढून ठेवणे पुरेसे नाही, कारण मूळ प्रतिमा डायकॉम नावाच्या विशेष स्वरूपात असतात आणि डॉक्टरांना त्या थरांनुसार पुढे-मागे करून पाहाव्या लागतात. आपल्याकडच्या हवेत सीडीवरही बुरशी धरते, आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नसते.

हे सर्व कागद झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घ्यावे लागत असतील, तर काम झाल्यावर दुकानातल्या संगणकावरून आपल्या फाइली पुसल्या आहेत आणि तिथे उघडलेले आपले व्हॉट्सॲप लॉगआउट झाले आहे, हे समोर उभे राहून पाहावे. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे अक्षरे धूसर होत नाहीत. कुटुंबाच्या ग्रुपवर मात्र कोणाचाही रिपोर्ट टाकू नये.

सहावी पायरी: आभा क्रमांक आणि ॲप

आता ॲपकडे वळायला हरकत नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची घोषणा २०२० मध्ये राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मिशन या नावाने झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी ते देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येक व्यक्तीला १४ अंकी आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) क्रमांक मिळतो आणि त्याशिवाय ईमेलसारखा दिसणारा एक आभा पत्ता असतो. हा क्रमांक विनामूल्य आणि स्वेच्छेचा आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड ही वेगळी गोष्ट आहे. आभा निघाले म्हणजे मोफत उपचार मिळाले असा समज वाडीवाडीत आढळतो, म्हणून हा फरक घरातल्या माणसांना आधीच सांगावा.

आभा ॲपवर किंवा संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकल्यावर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. खरी अडचण येथे येते. आजींच्या आधारला मुंबईतल्या मुलाचा नंबर जोडलेला असतो किंवा केव्हाच बंद झालेला नंबर असतो. पहिल्या बाबतीत मुलाला आधी फोन लावून लाइनवर ठेवावे आणि मगच ओटीपी मागवावा, कारण त्याची मुदत काही मिनिटांचीच असते. दुसऱ्या बाबतीत आधी आधार केंद्रात जाऊन मोबाइल क्रमांक बदलून घेणे हाच सरळ मार्ग आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे चौकशी केल्यास मदत मिळू शकते. आशाताईंनाही या कामाची बहुधा माहिती असते.

आभा निघाल्यावर सरकारचे आभा ॲप, डिजिलॉकर किंवा मान्यताप्राप्त असे दुसरे एखादे ॲप यांपैकी एकच निवडून त्यात आभा पत्ता जोडावा. या योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात केसपेपर काढताना खिडकीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून आपली माहिती देता येते आणि टोकन मिळते. त्या भेटीची चिठ्ठी, लॅबचा रिपोर्ट किंवा डिस्चार्ज सारांश रुग्णालयाने आभाशी जोडला, तर तो आपल्या ॲपमध्ये दिसतो. हे कागद एका सरकारी कोठारात जमा होत नाहीत. ज्या रुग्णालयात नोंद तयार झाली तिथेच ती राहते आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे दाखवली जाते. गावातला छोटा दवाखाना या योजनेत नसेल, तर त्याचे कागद आपोआप येणार नाहीत, ते आपणच स्कॅन करून ॲपमध्ये चढवायचे आहेत. म्हणूनच आधीच्या पायऱ्यांचे काम वाया जात नाही.

सातवी पायरी: संमती आणि गोपनीयता

एखाद्या रुग्णालयाने आपली जुनी नोंद मागितली की ॲपवर संमतीची विनंती येते. तिच्यात कोण मागत आहे, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या काळातले आणि ही संमती कधीपर्यंत चालणार, एवढे सगळे लिहिलेले असते. ते न वाचता "मान्य" दाबण्याची सवय लावून घेऊ नये. पायाच्या फ्रॅक्चरसाठी दहा वर्षांपूर्वीचे मानसोपचाराचे कागद दाखवण्याची गरज नसते. तेवढा भाग वगळून संमती देता येते आणि दिलेली संमती पुढे मागेही घेता येते.

लहान वाडीत बातमी फुटायला वेळ लागत नाही. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात, मनाचे आजार यांचे कागद स्वतंत्र फोल्डरमध्ये कुलूपबंद ठेवावेत आणि ते सारांशावर घ्यायचे की नाही, हे रुग्ण व त्याचे डॉक्टर यांनी मिळून ठरवावे. एचआयव्ही व एड्सविषयक २०१७ चा कायदा आणि त्याच वर्षीचा मानसिक आरोग्यसेवा कायदा या दोहोंनी रुग्णाच्या गोपनीयतेला संरक्षण दिलेले आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाही संमती हाच आहे. ओटीपी, आधार क्रमांक आणि ॲपचा पिन फोनवर मागणाऱ्या कोणालाही, तो कोणत्याही कार्यालयाचे नाव सांगत असला तरी, देऊ नये.

आठवी पायरी: वीज आणि रेंज नसतानाची तयारी

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक गावांत वीज परत यायला कित्येक दिवस लागले. अशा दिवसांत इंटरनेटवर ठेवलेली नोंद उघडत नाही, म्हणून सारांशाचे पान मोबाइलमध्ये ऑफलाइन असलेच पाहिजे. शिवाय त्याची छापील प्रत प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून आधार आणि रेशनकार्डासोबत ठेवावी. लॅमिनेशन करू नये, कारण पान बदलावे लागते. १०८ ची रुग्णवाहिका दारात आल्यावर हातात द्यायचा कागद तोच. मोबाइलच्या लॉक पडद्यावर आपत्कालीन माहिती भरण्याची सोय असते, तिथे ॲलर्जी, मुख्य आजार आणि जवळच्या माणसाचा क्रमांक भरावा. स्कॅनची एक प्रत इंटरनेटवरच्या सुरक्षित जागेत आणि दुसरी बाहेरगावच्या नातेवाइकाकडच्या पेनड्राइव्हमध्ये, पासवर्ड लावून ठेवावी.

ज्यांना असे ॲप स्वतः तयार करायचे आहे त्यांच्यासाठी

कोकणातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले काही विद्यार्थी आपल्या तालुक्यासाठी असे ॲप करू पाहतात आणि ते मला मनापासून आवश्यक वाटते. त्यांनी स्वतःची नवी रचना शोधण्याआधी भारत सरकारचे २०१६ चे इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींचे मानक वाचावे. नोंदींची देवाणघेवाण एफएचआयआर या मानकाने होते, आजार व लक्षणांसाठी स्नोमेड सीटी आणि तपासण्यांसाठी लॉइंक हे संकेत वापरतात. स्नोमेड भारतात विनामूल्य मिळते आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. डिजिटल मिशनच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या व्यवस्थेत, आधी आभा तयार करणे व पडताळणे, मग नोंद पुरवणे आणि शेवटी संमतीने नोंद मागवणे अशा टप्प्यांनी चाचणी द्यावी लागते. चाचणीसाठी शेजाऱ्यांचे खरे रिपोर्ट कधीही वापरू नयेत, काल्पनिक रुग्ण तयार करावेत.

रेंज नसतानाही ॲप चालले पाहिजे आणि रेंज आल्यावर त्याने स्वतःहून मेळ घालावा. अक्षर मोठे हवे. कोणी, केव्हा, काय पाहिले याची नोंद रुग्णाला दिसली पाहिजे. रुग्णाला आपली सगळी माहिती कोणत्याही क्षणी पीडीएफमध्ये बाहेर काढता आली पाहिजे. ही सोय नसलेले ॲप कितीही देखणे असले तरी रुग्णांना देऊ नये.

नोंद चालू ठेवणे

डॉक्टरांकडून आल्यावर त्याच संध्याकाळी चिठ्ठी स्कॅन करावी, औषधांच्या यादीत बदल करावा आणि सारांशावरची तारीख बदलावी. जुने सारांश पुसू नयेत, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, घरातल्या दोघांनी मिळून पूर्ण पान मोठ्याने वाचावे आणि रुग्णाला विचारून तपासावे. रुग्ण स्वतः ऐकताना "ती गोळी तर मी केव्हाच सोडली" असे सांगतो आणि ते एरवी कोणाच्या लक्षात येत नाही.

नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर मोबाइल पुढे करण्याऐवजी छापलेले पान द्यावे आणि "यात काही चुकीचे असेल तर दुरुस्त करा" असे सांगावे. एखादे निदान डॉक्टरांनी खोडले किंवा बदलले, तर पेनने केलेली ती दुरुस्ती त्यांच्या नावासह व तारखेसह त्याच दिवशी मूळ फाइलीत उतरवावी, छापील प्रत नवी काढावी आणि बाहेरगावी नोंद सांभाळणाऱ्या माणसालाही नवी फाइल पाठवून जुनी काढून टाकायला सांगावे.